मदतीच्या दारावरचा तोतया

चोरापासून सावध कसे राहावे, याचे शिक्षण आपल्याकडे मूल शाळेत जाऊ लागण्यापूर्वीच सुरू होते. दाराची कडी लावून घे, अनोळखी माणसाला घरात घेऊ नको, यात्रेच्या गर्दीत खिशावर हात ठेव, एसटीत शेजारच्याने दिलेला पेढा खाऊ नको, अशा शेकडो सूचना पिढ्यान्‌पिढ्या एका तोंडून दुसऱ्या कानी गेल्या आहेत. आणि त्या सर्वांच्या मुळाशी अशी समजूत आहे की, लबाड मनुष्य आपल्याकडे चालून येतो व आपण त्याला ओळखून उंबऱ्याबाहेर ठेवावयाचे असते. ज्या फसवणुकीविषयी मी येथे लिहिणार आहे, तिने ही समजूतच निरुपयोगी करून टाकली आहे. संगणक मध्येच अडून बसलेला असतो, परत केलेल्या वस्तूचे पैसे जमा झालेले नसतात, बँकेचे कार्ड यंत्रात अडकलेले असते, कुरियर चार दिवस 'उद्या येईल' असे सांगत असते. गांजलेला मनुष्य मोबाइल हाती घेऊन त्या कंपनीचा किंवा बँकेचा मदतक्रमांक शोधतो, जो पहिला क्रमांक दृष्टीस पडतो तो लावतो, आणि पलीकडून अत्यंत अदबीने बोलणारा जो इसम फोन उचलतो, तो त्या कंपनीचा वा बँकेचा नोकर नसून तिचा तोतया असतो. त्याला कोणाचे दार ठोठावावे लागत नाही. मदतीच्या दारावर पाटी लावून तो बसून राहतो, आणि अडलेली माणसे आपल्या पायांनी त्याच्याकडे येतात.

तोतयांची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पानिपतच्या रणात १७६१ साली सदाशिवरावभाऊ नाहीसे झाले, आणि पुढे काही वर्षांनी भाऊसाहेब म्हणवून घेणारा जो इसम प्रकट झाला, त्याने कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले कबजात घेण्यापर्यंत मजल मारली व १७७६ साली देहान्त शासन होईपर्यंत पुणे दरबाराला स्वस्थ बसू दिले नाही. न. चिं. केळकरांना 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहावेसे वाटावे, इतके नाट्य त्या प्रकरणात होतेच. परंतु तो इतिहास वाचताना मला नेहमी असे जाणवते की, त्याच्या यशात चेहऱ्यातील साम्याचा वाटा थोडा आणि लोकांच्या मनातील ओढीचा वाटा फार मोठा असला पाहिजे. भाऊ परत यावेत असे ज्यांना अंतःकरणापासून वाटत होते, त्यांना थोडाच पुरावा पुष्कळ झाला. मदत शोधणाऱ्याच्या मनाची अवस्था हीच असते. तासभर खटपट करून अखेर कोणीतरी फोन उचललेला असतो. 'आपण कोण?' असे त्याला विचारण्याऐवजी 'सापडलात एकदाचे!' हाच उद्गार ओठांवर येतो, आणि खातरजमा करण्याची जी क्षणभर संधी असते ती निसटून जाते.

या धंद्याची एक मोठी बाजारपेठ अमेरिका ही होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशन या नियामक संस्थेने अशा तंत्रसाहाय्याची बतावणी करणाऱ्या टोळ्यांविरुद्ध एकदम सहा प्रकरणे न्यायालयात दाखल केली. मायक्रोसॉफ्टसारख्या नामांकित कंपन्यांशी आपला संबंध आहे असे भासवावयाचे, 'तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे' अशी दहशत घालावयाची, आणि मुळात नसलेला आजार बरा करण्याचे दाम उकळावयाचे, अशी त्या टोळ्यांची रीत होती. आणि त्यांपैकी बहुतेकांची सूत्रे भारतातून हलत होती. सहांपैकी पाच टोळ्या घरोघरी फोन करीत असत. सहाव्या टोळीची रीत निराळी होती, आणि माझ्या मते भविष्य त्या टोळीने ओळखले होते: तिने शोधयंत्रावर जाहिराती दिल्या, आणि संगणकाची अडचण घेऊन मदत शोधणाऱ्यांनीच आपल्याला फोन करावा अशी व्यवस्था केली.

त्यांच्या हातचलाखीचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. विंडोजच्या प्रत्येक संगणकात 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची एक नोंदवही असते. यंत्रात दिवसभर ज्या किरकोळ घडामोडी होतात, एखादी सेवा उशिरा सुरू झाली, एखादी जोडणी क्षणभर तुटली, त्या सर्व तीत आपोआप नोंदल्या जातात, आणि अगदी ठणठणीत संगणकावरही लाल व पिवळ्या खुणांच्या अशा नोंदींची रीघ लागलेली असते. फोनवरचा इसम वृद्ध गृहस्थाकडून ती वही उघडून घेतो आणि लाल खुणा मोजायला लावतो. मोजता मोजता त्या गृहस्थाचा आवाज कापू लागतो. एवढ्यानेही विश्वास बसला नाही, तर तो काळ्या खिडकीत 'असॉक' ही आज्ञा टंकायला सांगतो. पडद्यावरून एक लांबलचक यादी सरकत जाते आणि तिच्या शेवटाकडे '८८८डीसीए६०' अशी सुरुवात असलेली अक्षरांची व आकड्यांची एक माळ दिसते. 'हा तुमच्या संगणकाचा गुप्त परवानाक्रमांक. आमच्या दफ्तरात तो नोंदलेला आहे, मी वाचतो, आपण ताडून पाहा,' असे म्हणून तो ती माळ अक्षरशः वाचून दाखवतो. प्रत्येक अक्षर जुळते. जुळणारच, कारण ती माळ प्रत्येक विंडोज संगणकावर एकच असते. फाइल दाबून लहान करण्याच्या एका सामान्य सोयीची ती खूण आहे, आणि तिचा त्या विशिष्ट यंत्राशी किंवा त्याच्या मालकाशी काडीमात्र संबंध नसतो. ओळख पटवण्याचा हा विधी उलटा आहे, हे त्या घाबरलेल्या गृहस्थाच्या ध्यानात येत नाही: फोन करणाऱ्याने स्वतःविषयी काहीच सिद्ध केलेले नसते.

न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक विद्यापीठाच्या संशोधकांनी या धंद्याचा अभ्यास करताना अशा साठ तोतयांशी स्वतः संभाषण केले आणि आपले निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध केले. 'दुरुस्ती'साठी सरासरी २९० डॉलरहून थोडी अधिक रक्कम मागितली जात होती, आणि ज्यांचा ठावठिकाणा लावता आला त्यांपैकी ८५ टक्के तोतये भारतात बसलेले होते. पुढे रीती बदलल्या. जुन्या दुरुस्तीचे पैसे परत देतो, असे म्हणून संगणकाचा ताबा घ्यावयाचा, बँकेचे पान उघडायला लावून त्या पानावरील मजकूर केवळ त्या पडद्यापुरता बदलावयाचा, म्हणजे ३०० डॉलर जमा झाल्याच्या जागी ३०,००० जमा झाल्याचे दिसते. मग 'माझ्या हातून चूक झाली, माझी नोकरी जाईल, वरची रक्कम परत करा' म्हणून रडावयाचे. खात्यात प्रत्यक्षात काहीच आलेले नसते. परत जातात ते फसणाऱ्याचे स्वतःचे पैसे. २०२३ या एका वर्षात बनावट तंत्रसाहाय्याच्या ३७ हजारांहून अधिक तक्रारी एफबीआयच्या केंद्राकडे नोंदल्या गेल्या, आणि नुकसानीचा आकडा ९२ कोटी डॉलरच्या वर गेला.

आपल्याकडे या बातम्या ज्या वृत्तीने वाचल्या गेल्या, तिच्याविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. ही मंडळी अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथील लोकांना अटकेची भीती घालीत होती. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने भारतातील पाच कॉल सेंटरे आणि छप्पन्न व्यक्ती यांच्यावर आरोप ठेवल्याचे जाहीर केले, आणि २०१८ साली त्या प्रकरणात तेथे वीस वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. त्या काळी 'पोरे हुशार आहेत हो, गोऱ्यांना चांगलेच गंडवले' असे उद्गार मी सुशिक्षित माणसांच्या बैठकीत ऐकले आहेत, आणि त्यांत दडलेला अभिमान मला आजही बोचतो. ओहायोतल्या एखाद्या वृद्ध विधवेची आयुष्यभराची पुंजी लुबाडणे हे कोणत्याही इतिहासाचे उट्टे नव्हते. शिवाय जी विद्या परक्यांवर चालते ती घरच्यांवर चालणार नाही, असे मानण्यास काहीच आधार नव्हता. संभाषणाच्या संहिता तयार होत्या आणि अदबीने बोलण्याची तालीम झालेली होती. २०१६ सालीच यूपीआय सुरू झाले, इंटरनेट स्वस्त झाले, आणि पुढील काही वर्षांत ज्यांनी पूर्वी कधी बँकेच्या खिडकीपलीकडे व्यवहार केला नव्हता अशा कोट्यवधी माणसांचे खाते त्यांच्या मुठीत आले. धंद्याला घरच्या घरी गिऱ्हाईक मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने 'ऑपरेशन चक्र-२' या नावाने देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, तेव्हा त्यांतील काही प्रकरणे ॲमेझॉन व मायक्रोसॉफ्ट यांच्या फिर्यादींवरून दाखल झालेली, म्हणजे पुन्हा तंत्रसाहाय्याच्या बतावणीचीच होती.

खरा क्रमांक शोधताना खोटा हाती लागतो तो कसा, हे पाहिल्यावाचून सावधगिरीच्या सूचनांना अर्थ येत नाही. छापील टेलिफोन डिरेक्टरीच्या काळात क्रमांक छापणारा आणि क्रमांक देणारा एकच असे, म्हणून त्या पुस्तकात क्रमांक आहे म्हणजे तो खरा, ही समजूत रास्त होती. ती सवय आपण शोधयंत्राकडे घेऊन गेलो. शोधयंत्राला क्रमांकाच्या खरेपणाची जबाबदारी नसते. कोणीही काहीही लिहिलेले ते गोळा करते आणि पुढे मांडते. त्यांतील सर्वांत वरच्या जागा तर पैसे मोजून मिळतात. गूगलच्या नकाशावरील माहिती बदलण्याची सूचना कोणाही वाटसरूला करता येते, आणि २०१८ साली महाराष्ट्र सायबर पोलिसांपुढे असे प्रकार आले की, बँकशाखांच्या नावापुढील क्रमांक भामट्यांनी नकाशावर बदलून टाकले होते. ग्राहक आपल्याच शाखेला फोन करतो आहे असे समजून चोराशी बोलत होते. त्याच वर्षी गूगलने त्रयस्थ तंत्रसाहाय्य संस्थांच्या जाहिरातींवर निर्बंध घातले. तथापि एक वाट बुजवली की दुसरी निघते. समाजमाध्यमावर कोणी एखाद्या कंपनीविषयी जाहीर तक्रार लिहितो, तोच कंपनीच्या बोधचिन्हाखाली 'आपला संपर्कक्रमांक कळवा, आम्ही त्वरित साहाय्य करू' असे उत्तर येते, आणि ते खऱ्या कंपनीच्या आधी येते. कॉल करणाऱ्याचे नाव दाखवणाऱ्या ॲपवर 'कस्टमर केअर' अशी अक्षरे उमटली म्हणून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत. ते नाव इतर वापरकर्त्यांच्या नोंदींवरून आलेले असते, कोणत्याही सरकारी दफ्तरातून आलेले नसते. आणि अलीकडे प्रश्नाला थेट उत्तर देणारी जी कृत्रिम बुद्धीची यंत्रे आली आहेत, तीही इकडून तिकडून वाचलेला खोटा क्रमांक तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात.

साताऱ्यातील एका निवृत्त शिक्षिकेची हकीकत मी त्यांच्या संमतीने, नाव न देता, येथे नमूद करतो. मागवलेला मिक्सर बिघडलेला निघाला, तो परत गेला, परंतु पैसे परत येईनात. बाईंनी कंपनीचे नाव व पुढे 'कस्टमर केअर नंबर' असे टंकले आणि पहिला क्रमांक लावला. घंटी वाजून फोन कट झाला, आणि मिनिटभरात दुसऱ्याच क्रमांकावरून उलट फोन आला. "मॅडम, आपला कॉल मिस झाला होता, मी रिफंड विभागातून बोलतोय." बाईंना आनंद झाला, कंपनीने आपणहून परत फोन करावा ही तत्परता त्यांना सुखद वाटली. पैसे का अडकले, याचे उत्तर त्याच्याजवळ तयार होते: सर्व्हर डाऊन होता, आता एक छोटा फॉर्म भरावा लागेल. व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. ती उघडताच फोनने स्वतःच इशारा दिला की हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलेले आहे. "काकू, ते सगळ्यांनाच येतं. हो म्हणा, आपल्या कंपनीचंच आहे." मग संदेश वाचण्याची परवानगी मागितली गेली, "हो म्हणा." फॉर्मात नाव, मोबाइल, कार्डाचा क्रमांक, आणि पाच रुपयांचे 'पडताळणी शुल्क'. पाच रुपयांची कोणाला शंका यावी? सर्व भरून झाल्यावर त्या इसमाने जे सांगितले, ते ऐकताना माझ्या अंगावर शहारा आला. "झालं आई. आता दहा मिनिटं फोन टेबलावर पालथा ठेवा, प्रोसेस चालू आहे, हात लावलात तर परत पहिल्यापासून करावं लागेल."

बाईंनी फोन पालथा ठेवला आणि घड्याळाकडे पाहत बसल्या. बँकेकडून येणारे ओटीपी त्या ॲपने परस्पर वाचून पलीकडे धाडले, आणि तीन खेपांत चौऱ्याण्णव हजार रुपये गेले.

मॅडम, काकू, आई: वीस मिनिटांत त्या इसमाने नात्याच्या तीन पायऱ्या चढल्या होत्या. बाई मला म्हणाल्या, "पैसे गेले ते गेलेच. पण त्यानं आई म्हटलं आणि मी त्याला 'जेवलास का रे' विचारलं, हे मला अजून गिळवत नाही."

त्यांनी दोन दिवस कोणाला काही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या भाच्याला फोन केला, तेव्हा त्याच्या तोंडून पहिले वाक्य बाहेर पडले ते, "मावशी, तू इतकी शिकलेली, आणि तू फसलीस?" तो दुष्ट नाही, तो धावत आला, तक्रार नोंदवली, बँकेत खेटे घातले. परंतु ते वाक्य आपल्या प्रत्येकाच्या जिभेवर तयार असते, आणि त्याचा परिणाम काय होतो हे आपण ओळखत नाही. बाईंचे मौन म्हणजे या वाक्याची धास्तीच होती, आणि त्या दोन दिवसांत रक्कम कित्येक खात्यांतून फिरून रोखीत निघून गेली होती. फसवणुकीत शिक्षणाचा संबंध येतो तो थोडा. या माणसांना लुबाडले जाते ते त्यांच्या सौजन्याच्या वाटेने: मदत करणाऱ्यावर संशय घेणे असभ्यपणाचे आहे, बोलता बोलता फोन आपटू नये, दुसऱ्याची खोटी होऊ देऊ नये, हे संस्कार ज्यांच्या अंगी मुरलेले आहेत त्यांना फोनवर गुंतवून ठेवणे सोपे जाते. अशा माणसांची ही पिढी आपल्याला घडवून गेली. तिला 'भोळी' म्हणून हिणवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

दोषाचा मोठा भाग मी अन्यत्र टाकतो. गेल्या काही वर्षांत मोठ्या संस्थांनी ग्राहकाला भेटण्याच्या जागा एकामागून एक बंद केल्या किंवा दृष्टीआड नेल्या. वस्तू विकत घेण्याचे बटण बोटाएवढे मोठे असते. तक्रारीचा क्रमांक ॲपच्या पाचव्या-सहाव्या पानाआड असतो, किंवा तेथे क्रमांकच नसतो, केवळ ठरावीक उत्तरे देणारे यंत्र असते. क्रमांक असलाच तर 'मराठीसाठी तीन दाबा' पासून सुरू झालेली दाबादाबी पुन्हा मूळ जागी आणून सोडते. बँकेच्या शाखेत जावे तर कर्मचारी ॲपकडे बोट दाखवतो. ज्या जागी पूर्वी एक कारकून बसत असे, तो तुसडा असेल, संथ असेल, पण तो त्या संस्थेचाच होता, ती जागा आज रिकामी आहे. आणि रिकाम्या खुर्चीवर जो येऊन बसतो तो तत्पर आहे, मराठीत बोलतो, रविवारीही फोन उचलतो. तोतयाची सेवा खऱ्या सेवेपेक्षा सरस असावी, याहून अधिक लाजिरवाणी गोष्ट संस्थांच्या बाबतीत मला सांगता येणार नाही. ग्राहकांनी जागृत व्हावे म्हणून जाहिरातींवर खर्च होतो. फोन उचलणारी माणसे नेमण्यावर तो झाला असता, तर या धंद्याचे निम्मे गिऱ्हाईक आटले असते, असा माझा ठाम समज आहे.

तोवर करावयाचे काय? माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट अडचण येण्यापूर्वीची आहे, कारण अडचणीच्या घटकेला माणसाची विवेकबुद्धी शाबूत नसते. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागे व पासबुकावर छापलेला असतो, विजेचा बिलावर, गॅसचा पुस्तकावर, वस्तूचा तिच्या खोक्यावर वा पावतीवर. जो दस्तऐवज त्या संस्थेने स्वतः आपल्या हाती दिलेला आहे, त्यावरचाच क्रमांक प्रमाण मानावा, आणि एखाद्या निवांत दुपारी असे सर्व क्रमांक एका वहीत मोठ्या अक्षरांत उतरवून ती वही फोनजवळ ठेवावी. आईवडिलांपासून दूर राहणाऱ्या मुलामुलींनी दिवाळीला घरी आल्यावर हे काम हाती घ्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. कागद हाताशी नसेल, तर शोधयंत्रात क्रमांक विचारू नये. संस्थेचे अधिकृत ॲप उघडावे किंवा तिचा पत्ता स्वतः टंकून जावे. बँकांच्या बाबतीत आता एक आधार निर्माण झाला आहे: रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव शेवटाखाली न्यावयाची होती, आणि हा शेवट बँकेखेरीज अन्य कोणास मिळत नाही.

संगणकाच्या पडद्यावर अकस्मात लाल पान पसरते, भोंगा वाजू लागतो, 'यंत्र बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा' असा हुकूम येतो, तेव्हा एवढेच ध्यानात ठेवावे की मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोनक्रमांक कधीच नसतो. ते एक साधे पान आहे, पडदा व्यापून बसलेले. एस्केपची कळ काही क्षण दाबून धरावी, न जमल्यास कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या कळा एकदम दाबून ब्राउझर बंद करावा, तेही न साधल्यास यंत्राचे बटण दाबून ते सरळ बंद करावे.

आणि संभाषण सुरू झालेच असेल, तर पलीकडचा कितीही गोड बोलो, काही मागण्या अशा आहेत की त्या कानी पडताच फोन ठेवण्यास परवानगी मागण्याचीही गरज नाही. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखे दुसऱ्याला आपला पडदा दाखवणारे ॲप घ्यायला सांगणे ही पहिली. ही ॲपे स्वतः कायदेशीर आहेत, कचेऱ्यांत रोज वापरली जातात, परंतु त्यांच्या आडून यूपीआयमधील पैसे काढले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना दिला होता. व्हॉट्सॲपवरून आलेली ॲपची फाइल ही दुसरी. आणि परतावा मिळवण्यासाठी पिन टाकायला सांगणे: यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, पैसे येण्यासाठी तो कधीही लागत नाही. चांदणीची खूण असलेला एखादा संकेत आणि पुढे दहा आकडी क्रमांक फिरवायला सांगितले, तर आपले येणारे सर्व फोन त्या क्रमांकाकडे वळू शकतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

एवढे करूनही घात झाला, तर पहिला तास मोलाचा असतो. फोनचे इंटरनेट तत्काळ तोडावे, केवळ संभाषण संपवून भागत नाही. घरातील दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवावे, आणि लगेच १९३० हा क्रमांक लावावा. ही यंत्रणा २०२१ पासून चालू आहे. पोलिस व बँका तीत एकमेकांशी जोडलेले आहेत, आणि रक्कम ज्या खात्यात पोहोचली असेल तेथेच ती अडवण्याचा प्रयत्न तीतून होतो, म्हणूनच प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर लेखी तक्रारही करावी आणि व्यवहाराचे संदेश पुसून न टाकता जपावेत. फोन वळवले गेल्याची शंका असेल, तर दोन चौकटीखुणा (हॅश), शून्य शून्य दोन आणि पुन्हा एक चौकटीखूण असे फिरवल्यास ती वळणे रद्द होतात.

कायद्याचीही एक बाजू समजून घेतली पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची वा ग्राहकाची नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर त्याच्यावर नुकसानीचा बोजा पडत नाही. परंतु ग्राहकाने स्वतः पिन वा ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, असा तो नियम आहे. साताऱ्याच्या बाईंना बँकेने हेच कलम दाखवले. त्यांनी ओटीपी कोणाला 'दिला' नव्हता. तो त्यांच्या नकळत उचलला गेला होता. 'देणे' आणि 'काढून घेतले जाणे' यांतील भेद तक्रारीच्या छापील नमुन्यात मावत नाही, आणि तो मावला पाहिजे असे माझे मत आहे. त्यांचा अर्ज बँकिंग लोकपालाकडे गेला आहे. गोठवलेल्या खात्यात जे थोडे पैसे सापडले, ते न्यायालयाच्या आदेशानंतर मिळतील असे त्यांना सांगण्यात आले आहे.

सरकारने केलेल्या उपायांत एक उणीव मला प्रकर्षाने दिसते. बँकांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारी क्रमांकमालिका ठरवून देण्यात आली, हे उत्तम झाले. परंतु तिचा उपयोग येणारा फोन ओळखण्यापुरता आहे. जो मनुष्य स्वतः फोन लावण्यासाठी क्रमांक शोधतो आहे, त्याच्यासाठी शासनाने प्रमाणित केलेली, प्रत्येक बँकेचा, विमा कंपनीचा, वीजमंडळाचा व मोठ्या विक्रेत्याचा क्रमांक असलेली, मराठीतील एक यादी पोस्टाच्या प्रत्येक कचेरीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर लागली पाहिजे, आणि त्या यादीतील क्रमांकावर ठरावीक वेळात जिवंत माणसाने फोन उचलणे हे परवान्याच्या अटींत आले पाहिजे. तूर्त ग्राहक व्यवहार खात्याची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर मराठीतही तक्रार घेते. मिक्सरचे अडकलेले पैसे, न आलेले पार्सल, दाद न देणारी कंपनी, या सर्वांसाठी तो क्रमांक आहे. बाईंच्या शेजारणीचे कुकरचे पैसे गेल्या महिन्यात त्याच वाटेने परत आले, आणि तो क्रमांक त्यांना बाईंनीच लिहून दिला होता.